टाकीमागची हिरवी भिंत

तुमच्या गावात वनस्पतींचे गट किती, सांगाल? पुस्तकातले नकोत, गावातले सांगा. पलूसजवळच्या आमच्या गावात दोनच होते: ऊस आणि तण. ज्याला कारखान्याची तोड येते तो ऊस. बाकी सगळ्यावर फवारणी.

या वर्गीकरणाला गावात एकट्या आमच्या विज्ञानाच्या बाईंचा विरोध होता. त्या रोज मिरजेहून एसटीनं यायच्या. शाळेच्या पाण्याच्या टाकीला तडा गेला होता. तो बुजवायचा ठराव प्रत्येक ग्रामसभेत एकमतानं मंजूर व्हायचा, त्यामुळे तडा सुखरूप होता. त्याच्या ओलीवर टाकीमागची भिंत हिरवीगार झाली होती, आणि दरवर्षी बाई नववीचा वर्ग तिथं न्यायच्या. ती भिंत खालून वर वाचायची असते, असं त्या म्हणायच्या. तळाच्या डबक्यात शैवाल. त्याला मूळ, खोड, पान असलं काही नाही. त्याच्या वर मखमलीसारखं मॉस. भेगेत हंसराज, म्हणजे नेचा. त्याला मूळ, खोड, पान सगळं आहे, पण फूल नाही आणि बीही नाही. कोपऱ्यात मोरपंखी, जिचं बी फळात झाकलेलं नसतं. आणि सगळ्यात वर भिंत फोडून निघालेला पिंपळ, बी फळात जपणारा.

आम्ही नववीत गेलो आणि आमचा भिंतीचा तास सोमवारी ठरला. त्याच आठवड्यात शाळेला पाहुणे ठरले. पाहुणे ठरले की आमच्याकडे सुशोभीकरण होतं. शाळा समितीचे अध्यक्ष पांढऱ्या कपड्यांत भिंत बघायला आले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले की ही घाण खरवडून रंग द्या. बाईंनी सोमवारपर्यंतची मुदत मागितली आणि ही घाण म्हणजे काय, ते समजावून सांगितलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त बागायतदार होता.

"बरं बाई, ह्यात आपला ऊस कुठं बसतो?"

"वरच्या गटात. एकबीजपत्री. गवताच्या कुळातला."

अध्यक्षांचा रुमाल खाली आला. "म्हंजे आमी इतकी वर्सं गवत लावतोय व्हय?"

ज्वारी, गहू, भात सगळं त्याच कुळातलं आहे, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. पण गवत हा शब्द तोपर्यंत लागायचा तिथं लागला होता. "पावण्यांम्होरं ह्यातलं काय बोलू नगा," एवढं बजावून ते गेले. रंगारी सोमवारऐवजी शनिवारीच आला.

आमच्या घरी वह्यांपेक्षा पत्रकं जास्त. वडील चळवळीतले, त्यामुळे मी गणितंसुद्धा पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर सोडवली. साहजिकच शुक्रवारी रात्री मी एक पत्रक लिहिलं. पाच वनस्पतिगटांची कत्तल थांबवा, असा मथळा दिला आणि सकाळी ते भिंतीवरच चिकटवलं. मॉस इतकं ओलं होतं की पत्रक घसरत घसरत डबक्यात गेलं. ज्यांच्यासाठी लढायचं, त्यांनीच पत्रक खाली टाकलं. वडील म्हणाले, चळवळीत असं होतं.

दुपारपर्यंत भिंत तारेच्या ब्रशनं खरवडून झाली. मोरपंखी उपटली, पिंपळाच्या मुळात तेजाब ओतलं. मग त्या जागी रंगाऱ्यानं एक मोठं झाड काढलं. पानं आंब्याची, पारंब्या वडाच्या, फळं सफरचंदाची. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: निसर्ग वाचवा. पाहुण्यांनी त्याच्यापुढं फोटो काढला आणि पर्यावरणावर दीर्घ भाषण केलं.

सोमवारी बाईंनी आम्हाला ठरल्याप्रमाणे तिथंच नेलं आणि विचारलं, "हे झाड कोणत्या गटात घालाल?" मागून एक पोरगा म्हणाला, "बाई, समितीत घाला." बाई हसल्या, पण पुस्तक उघडलं नाही. आम्ही ते गट नुसते पाठ करून वार्षिक परीक्षेला बसलो.

पण गावानं भिंत रंगवली होती, तडा बुजवला नव्हता. आम्ही दहावीत गेलो त्या श्रावणात रंगीत झाडाच्या बुंध्यावर हिरवी बुरशी आली, असं अध्यक्ष म्हणाले. बुरशी नव्हती, मॉस होतं. सफरचंदांना फुगे आले आणि पोपडे पडले. निसर्ग हा शब्द झाकला गेला, वाचवा तेवढं उरलं. बाई दहावीच्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "चला, तुमचा तास राहिलाय." भेगेत हंसराजाचं एक पान परत आलं होतं. बाईंनी ते न तोडता उलटं केलं. मागं तपकिरी ठिपके होते, त्यांत नुसते बीजाणू. बी न धरता वंश चालवायची ही सोय मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली.

यंदा तडा बुजवून टाकीला फरशी लावायची म्हणतात, आणि ग्रामपंचायत या वेळी खरंच कामाला लागलीय, ही काळजीची गोष्ट आहे. तुमच्याही गावातल्या शाळेमागं अशी एखादी ओली भिंत असेल. रंगारी यायच्या आधी तिथं दोन पोरं घेऊन जा, नेच्याचं एक पान उलटं करून दाखवा, आणि मग समितीला सांगा की ही भिंत राहू द्या.