शिवेवरच्या चपला

मी हातकणंगल्याकडची. आमच्याकडं रान म्हणजे उसाचे फड आणि बांधावरच्या चार बाभळी. १९९३ साली लग्न होऊन गगनबावड्याच्या अलीकडच्या गावात आले, तर पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला देवराईचे कायदे शिकवायला घेतले. मामंजी देवीचे गुरव. राईतल्या झाडाला कुऱ्हाड लावायची तर आधी त्यांनी देवीपुढं नारळ द्यायचा. त्यांचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नसे.

राईत अनवाणी जायचं, चपला शिवेच्या दगडापाशी काढायच्या. राईला राखणदार आहे, एकशिंगी गवा, आणि राईवर काही संकट आलं की तो वाटेत आडवा उभा राहतो. मामंजींनी स्वतः तो कधी बघितला नव्हता, त्यांच्या आज्जानं बघितला होता. गव्याचे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे असतात, कारण तो देवीच्या दुधाच्या कढईत उभा राहिला होता म्हणे. मी मेली पहिल्यापासून फटकळ. मी विचारलं, मग शेपूट बुडवायची कशी राहिली? मामंजी स्वतःच खोखो हसले, पण मी हे सगळं थट्टेवारी नेते हे त्यांना लागलं असणार.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी बघितली होती. देवळाच्या मागं कललेला जुना बेहडा होता आणि त्याच्या ढोलीत दर उन्हाळ्यात धनेश पक्ष्याची मादी बसायची. आत बसून ढोलीचं तोंड मातीनं लिंपून घ्यायची, चोच जाईल एवढी फट ठेवायची. नर दिवसभर उंबरं आणून तिला भरवायचा. तो आला की पंखांचा आवाज असा व्हायचा, जणू कुणी मोठं सूप जोरजोरात पाखडतंय. गाव तिला बाळंतीण म्हणायचं. बाळंतिणीच्या ढोलीकडं कुणी नजर टाकायची नाही, ते बघायचा मान फक्त गुरवाच्या घराला. लिंपण पडून ढोलीचं तोंड पुरतं उघडं झालं की मामंजी गावाला सांगायचे, बाळंतीण उठली. तोवर राईत कुऱ्हाड बंद.

लग्नानंतर दोन वर्षांनी तो बेहडा देवळावर फारच झुकला. पावसाळ्यात छपरावर पडेल म्हणून गावानं तो काढायचं ठरवलं. मामंजींचा जीव तुटत होता, पण देवीनं कौल दिला. त्यांची अट एकच, बाळंतीण उठल्याशिवाय नारळ देणार नाही. त्याच सुमारास शाहूपुरीतल्या दवाखान्यात त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, डोळ्याला पट्टी, उन्हात जायला बंदी. म्हणून रोज राईत जाऊन लिंपण बघायचं काम माझ्याकडं आलं.

वैशाखातली ती सकाळ. शिवेपाशी चपला काढल्या, थोडी आत गेले. नर आणि मादी दोघंही उडत झाडावरून पलीकडं गेलेली बघितली. म्हटलं चला, उठली एकदाची. तरी ढोलीचं तोंड बघायला निघाले, आणि वळणावर वाटेत गवा उभा. काळा, भिंतीएवढा. एक शिंग की दोन, ते मोजायला मी थांबले नाही. जीव मुठीत धरून जी पळाले ती थेट घराच्या अंगणात.

मामंजी सोप्यात बसले होते. ज्या गव्याची मी दोन वर्षं टिंगल केली, त्याला बघून पळून आले हे सांगायची मला लाज वाटली. बस्स, एवढंच कारण. मी म्हटलं, बाळंतीण उठली, दोघं उडताना बघितली.

"लिंपण पडलंय न्हवं? ढोलीचं तोंड उघडं बघितलंस?"

"व्हय," मी म्हटलं. "पडलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातूनच, देव्हाऱ्यातल्या देवीपुढं नारळ दिला. दुपारी बेहडा पडला आणि मग एकजण टॉवेलात गुंडाळून पिल्लू घेऊन आला. मला ठाऊक नव्हतं, पिल्लू जरा मोठं झालं की आई आधी बाहेर पडते आणि आतलं पिल्लू तोंड पुन्हा लिंपून घेतं. अर्धवट पिसं फुटलेलं ते पोर मामंजींच्या मांडीवर संध्याकाळपर्यंत धडपडलं आणि गेलं. पुढं आठ दिवस ते दोघं उंबरं घेऊन यायचे, जिथं झाड होतं तिथं घिरट्या घालायचे. पंखांचा आवाज घरापर्यंत यायचा आणि मी चुलीपुढं बसून रडायची.

मामंजींनी गावाला सांगितलं, लिंपण बघायला मीच गेलो होतो, माझीच नजर चुकली. त्यानंतर त्यांना नारळ कुणी मागितला नाही. गाव न विचारताच तोडायला लागलं आणि पाच-सहा वर्षांत राई अर्ध्यावर आली. त्यांच्या त्या एका शब्दावर राई उभी होती, आणि तो शब्द मी घालवला.

२००४ साली ते शेवटचे आजारी पडले. उशाशी बसून मी एकदाची बोलले, की मामंजी, त्या दिवशी मी झाडापर्यंत गेलेच नव्हते.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तुझ्या चपला शिवेवरनं मीच आणल्या की."

पिल्लू गेल्यावर दुसऱ्या दिवशी चपला उंबऱ्यापाशी होत्या. नवऱ्यानं आणल्या असतील असं मी नऊ वर्षं धरून चालले होते. झाड पडल्यावर डोळ्याला पट्टी असलेला हा माणूस एकटा राईत जाऊन आला होता, शिवेवर राहिलेल्या चपलांवरून मी अर्ध्या वाटेतून पळाले हे त्यानं ओळखलं होतं, आणि गावानं मला जगू दिलं नसतं म्हणून गप्प राहिला होता. मला हुंदका आवरेना. ते मात्र वेगळंच विचारत होते.

"वाटंत खुरं उमटली हुती. त्यो आडवा आलता न्हवं? एकच शिंग हुतं का गं?"

व्हय म्हणायला काय जात होतं माझं. पण त्यांच्याशी पुन्हा खोटं बोलायला जीभ उचलेना. मी म्हटलं, मी बघितलंच नाही मामंजी, मी पळाले.



"बघाय पायजे हुतंस, पोरी," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून निजले.