तात्यांची रेघ

तात्या पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला. माझ्या बायकोनं, नंदानं, तो भरून आणून दिला, तर यांनी तो तोंडाला न लावता सरळ हॉलच्या फरशीवर ओतला. नंदा माझ्याकडे बघत राहिली. तात्या उकिडवे बसून पाणी कुठं जातंय ते पाहत होते. पाणी जरा थबकलं आणि मग बेडरूमच्या दाराकडे निघालं. "बिल्डरनं सपाट सांगितली आसंल," तात्या म्हणाले, "आन् तुम्ही ऐकलं." मग फडकं मागून फरशी त्यांनीच पुसली.

गुलमंडीच्या मागच्या बोळात तात्यांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, देवाच्या तसबिरी हा धंदा आणि माशांच्या टाक्या ही हौस. कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातला बारीक अंगाचा माणूस. समोरचा खोटंच बोलणार अशी तयारी करूनच हा घरातून निघतो, असं बघणाऱ्याला वाटावं. या पौषात ते गेले. मासे पाळणारे आम्ही चारजण भेटलो की त्यांच्या संशयाचे किस्से निघतात आणि सगळे मायेनं हसतात. मीही सांगतो. माझा किस्सा मात्र मी आजवर अर्धाच सांगत आलोय. आता पूर्ण लिहितो.

मोजपट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. एकदा त्यांनी दुकानातल्या तीन टेपा शेजारी शेजारी ताणून मला दाखवल्या. तिन्हींत केसाएवढा फरक. तेव्हापासून एकच टेप घेऊन ते गिऱ्हाइकाच्या घरी जात आणि त्याच टेपनं काच कापत. कुणी मापं लिहून आणली तर चिठ्ठी न वाचता खिशात टाकत आणि म्हणत, "ही तुमची मापं झाली. आता घर काय म्हणतंय ते बघू." काचा जोडायच्या सिलिकॉनची प्रत्येक नळी आधी हुंगायची, काचेच्या तुकड्यावर थेंब लावून दुसऱ्या दिवशी ओढून बघायचा, मगच ती टाकीला लागायची. तयार टाकी आठ दिवस दुकानात, वर्तमानपत्रावर, भरून ठेवलेली. रोज सकाळी त्या कागदावरून हात फिरवायचा. एकदा कागद ओला लागला. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, की काल माझी छत्री तिथं निथळत होती. तात्यांनी मान डोलावली आणि टाकीचे चारही जोड कापून पुन्हा भरले. छत्रीचं ऐकून घ्यायला ते तयार होते, मानायला नाही.

मला समुद्रातले मासे आणि प्रवाळ ठेवायचे आहेत, हे ऐकून तर त्यांना माझाच संशय आला. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. पुड्यातलं मीठ बादलीत कालवून पाणी करतात हे मी दाखवलं, तेव्हा त्यांनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. "समुद्र आपल्यापासून इतका लांब ठेवलाय, तो काही इचार करूनच ठेवला आसंल ना, सर?" पण काम घेतलं, आणि असं घेतलं की महिनाभर दुसरं काही बोलले नाहीत.

अशा टाकीला खाली, कपाटात, आणखी एक टाकी लागते. हौशी लोक तिला सम्प म्हणतात, तात्या नुसतं 'खालची' म्हणत. वरचं पाणी नळीनं खालचीत येतं, आडव्या काचांच्या कप्प्यांतून गाळत पुढं सरकतं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर चढवतो. लाईट गेली की पंप थांबतो. मग वरच्या टाकीतलं दोन बोटं पाणी आणि नळ्यांतलं सगळं पाणी खाली उतरतं. त्याला जागा लागते. म्हणून खालची कायम बरीच रिकामी ठेवावी लागते.

तात्यांनी पंप चार वेळा बंद करून बघितला. प्रत्येक वेळी पाणी उतरून थांबेपर्यंत ते कपाटापुढं मांडी घालून बसले. काठाच्या दोन बोटं खाली पाणी थांबतंय, हे चारही वेळा पटल्यावर त्यांनी पंप चालू केला, आणि चालू असताना पाणी जिथं ठरलं तिथं काचेवर लाल रंगाची रेघ ओढली. "ह्येच्यावर एक फुलपात्र बी नाय."

मी हसलो. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पाणी खाली येतं हे मला काचवाल्यानं सांगावं, याची गंमत वाटली. ते तात्यांच्या लक्षात आलं.

"रेघ तुमच्यासाठी नाय, सर," ते म्हणाले. "गावासाठी हाये. आपल्या गावात नळ आठव्या दिवशी येतो. इथल्या माणसाला रिकामं भांडं बघवत नाय. नळ आला की लोक वाट्या बी भरून ठेवत्यात."

पुढच्या मे महिन्यात नंदाच्या भाचीचं लग्न होतं, जालन्याला. तीन दिवस जायचं होतं. निघायच्या सकाळीच नळ आला. पिंप, बादल्या, हंडे, कळश्या, सगळं भरलं. घरातलं एकेक भांडं काठोकाठ होताना जे समाधान वाटतं, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. मग मी खालच्या टाकीकडे बघितलं. ती निम्मी रिकामी. उन्हाळ्यात तिच्यातलं पाणी रोज उडतं आणि पंप कोरडा पडला तर जळतो. फिल्टरच्या पाण्याचे दोन कॅन भरलेले होते. मी ते दोन्ही ओतले. लाल रेघ पाण्याखाली गेली. मला कळत होतं. तीन दिवसांत लाईट कितीदा जाणार, असं मी स्वतःशी म्हणालो आणि कपाटाचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पंगत बसलेली असताना, खालच्या मजल्यावरच्या जोशी काकूंचा फोन आला. त्यांच्या नव्या छतातून पलंगावर खारं पाणी ठिबकत होतं. आम्ही तसेच निघालो. नंदा खालीच काकूंकडे थांबली, मी वर येऊन कपाट उघडलं. लाईट परत आलेली होती, पंप चालू होता, वर मासे मजेत फिरत होते, आणि खालची टाकी रेघेच्या दोन बोटं वर शांत भरलेली होती. जोड सुटलेल्या टाकीत पाणी थांबत नाही. हे थांबलं होतं. जास्तीचं तेवढं काठावरून सांडलं होतं आणि बाकीचं जागच्या जागी. अकरावीच्या पोरालाही मांडता येईल असं गणित होतं.

जिन्यात काकू आणि नंदा यांचे आवाज आले. ही टाकी घरात नको, असं नंदा वर्षभर म्हणत होती. मी मोरीतला मग घेतला आणि रेघ पाण्याच्या वर येईपर्यंत पाणी उपसून बादलीत टाकलं. दोघी दारात आल्या तेव्हा माझे हात ओले होते. मी म्हणालो, "जोड सुटलाय."

इतकंच बोललो. त्यानंतर जे झालं ते या दोन शब्दांना सांभाळण्यासाठी झालं.

तात्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. पोटावर आडवे पडून त्यांनी टॉर्च लावून प्रत्येक जोडावरून कोरडा हात फिरवला. काचेला गाल लावून बघितलं. अर्धा तास असा गेला. मग उठून बसले आणि विचारलं, "पाणी रेघेलाच होतं ना, सर?"

"हो."

गिऱ्हाइकाला कुठलीही गोष्ट तीनदा विचारणारा माणूस. मला त्यांनी एकदाच विचारलं.

"जोड कुठं सुटला दिसंना," ते म्हणाले. "पण तुम्ही कामून खोटं बोलताल?"

त्यांनी खाली जाऊन जोशी काकूंना हात जोडले. स्वतः शिडी आणली आणि दोन दिवस खपून छताचे डाग खरवडून रंग दिला. काकू कुरकुरत होत्या, आजकाल कुणाच्या कामात जीव नसतो वगैरे, आणि तात्या वर मान करून रंग देत ऐकून घेत होते. मी चहा घेऊन गेलो होतो. मीही ऐकलं आणि कप ठेवून वर आलो.

रविवारी टाकी दुकानात नेतो, कागदावर आठ दिवस भरून ठेवतो, चूक कुठं झाली ते बघतो, असं ते म्हणाले होते. ती गळणार नाही हे मला माहीत होतं. शनिवारी मी मासे आणि वरची टाकी एका ओळखीच्या डॉक्टरांना देऊन टाकली. खालची पार्किंगमध्ये नेली, हातोडीनं फोडली आणि पोत्यात भरून भंगारवाल्याला दिली. तात्यांना सांगितलं, नंदा थांबायला तयार नव्हती. तिचं नाव मी पुढं केलंय हे नंदाला माहीत नव्हतं. तात्या म्हणाले, "बरं केलं. आसली वस्तू घरात ठिवू नये." मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं की टाकी का दिली, तिथंही मी तेच दोन शब्द लिहिले.

त्यानंतर तात्यांनी टाकी केली नाही. लोक जायचे थांबले म्हणून नव्हे. थोडे थांबले असतील, पण जे जात त्यांनाही ते परत पाठवत. क्रांती चौकाजवळच्या, पाळायचे मासे विकणाऱ्या मासेवाल्यानं मला सांगितलं, की तात्या आता नुसते आरसे करतात. टाकी जोडताना साबणाच्या पाण्यात अंगठा बुडवून ते तो सिलिकॉनवरून फिरवत, ओल्या मातीवरून फिरवावा तसा. तो अंगठा त्या मासेवाल्याला दाखवून म्हणाले होते, "ह्येचा भरवसा गेला." जगातल्या सगळ्या गोष्टींवर संशय घेऊन झाल्यावर जी एक उरली होती, तिच्यावरही त्यांनी संशय घेतला, आणि तो मी घ्यायला लावला.

तेव्हापासून पटकन 'हो' म्हणणारं कुणीही भेटलं की मी त्याच्या हातांकडे बघतो. ही सवय मला तात्यांची लागली असं वर्गातली मुलं समजतात, कारण तात्यांच्या गोष्टी मी त्यांना सांगतो. खरं तर ती मला माझ्यावरून लागली.

खरं सांगायला मला दोन वर्षं लागली. गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मी दुकानात गेलो. तात्या एकटेच होते, आणि खंगलेले दिसत होते. मी स्टुलावर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. दोन कॅन, बुडालेली रेघ, मगानं उपसलेलं पाणी, हातोडी. ते काच कापायचं थांबवून ऐकत होते. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. कॅन किती लिटरचे? लाईट किती वेळ गेली होती? आल्यावर पाणी रेघेच्या वर किती होतं, बोटं आडवी धरून दाखवा. मी दाखवलं. त्यांचे डोळे बारीक झाले. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्यावर संशय घेतंय, या विचारानं मला बरं वाटलं. आता हा माणूस उभा राहून मला चार शब्द सुनावील आणि उद्यापासून टाक्या करायला घेईल, असं मला वाटलं.

"ती टाकी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं ना, तात्या. फोडली."

त्यांनी काच कापायचा हिरा खाली ठेवला. मग त्यांचा चेहरा सैल पडला आणि ते चक्क हसले.

"सर, तुम्ही फिजिक्स शिकवता. तुम्हाला रेघेचं कळणार नाय व्हय? मासेवाल्यानं काहीतरी सांगितलं आसंल तुम्हाला, तात्यानं टाक्या करायचं सोडलं म्हणून. तुम्हाला ऱ्हावलं नाय, आलात माझं मन राखायला."

मी शपथ घेतली. ग्रुपवर लिहितो म्हणालो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि असं काही करू नका म्हणाले, कॉलेजात पोरं हसतील. बोळाच्या तोंडावरून चहा मागवला, माझ्या कपात साखर कमी पडली का विचारलं. मी आणखी दोनदा तेच सांगून बघितलं. दोन्ही वेळा ते मान डोलावत राहिले, छत्रीचं ऐकताना डोलावली होती तशी नाही, लहान मूल हट्टाला पेटल्यावर मोठी माणसं डोलावतात तशी.

निघताना ते मला रिक्षापर्यंत सोडायला आले. रिक्षावाल्याला सिडकोचा पत्ता दोनदा सांगितला आणि त्याच्याकडून म्हणवून घेतला. मग आत वाकून, त्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात मला म्हणाले, "दुसऱ्याचं खापर आपल्या डोक्यावर घेणारी माणसं आता ऱ्हायली नाहीत, सर."