दाजींनी न विचारलेला प्रश्न

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. शहापूर, बेळगाव. सकाळी बरीच थंडी. गॅसचा सिलिंडर आला. दुपारी वडगावच्या सिद्धेशला हिंडलग्याच्या तुरुंगातून जामिनावर सोडलं. संध्याकाळी त्याची बहीण अक्काताई आली, हातात कपड्यांची पिशवी. चहा नको म्हणाली.

अक्काताई आमच्याच गल्लीत शेवटच्या घरात राहते. साड्यांच्या पदरांना गोंडे बांधायचं काम करते. खडेबाजारातले दुकानदार तिच्याकडे गठ्ठे पाठवतात. माझ्या व्हरांड्यात उजेड चांगला येतो, म्हणून ती इथेच येऊन बसते. आमच्या यजमानांच्या माघारी मलाही तिची सोबत झाली. हात चालू असले की तोंडही चालू. "मावशी, तुमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवलेली लेस अजून तेवढीच हाय? तेवढ्यात माझ्या चार साड्या झाल्या की!"

तिचे यजमान नागेंद्र वकील आहेत. शेताच्या हद्दी, भावाभावांतल्या वाटण्या, उताऱ्यावरची नावं यांतच त्यांची वकिली गेली. सज्जन माणूस. फौजदारी खटला मात्र त्यांनी कधी चालवला नव्हता.

सिद्धेश वडगावात शामू केदारींच्या यंत्रमागावर कामाला होता. दोघांचं भांडण झालं आणि त्याने काम सोडलं. पुढे थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, केदारींच्या मागाच्या शेडला आग लागली. आग भडकायच्या आधी सिद्धेशला शेडमागून पळताना पाहिलं, असं केदारींनी सांगितलं आणि त्याला अटक झाली.

वकील कोण द्यायचा, यावर माहेरी बैठक बसली. शेजारच्या एकाने बेळगावातल्या चांगल्या फौजदारी वकिलाचं नाव सुचवलं. अक्काताईची आई जयाबाई एकदम उसळली.

"घरात जावई वकील असताना परक्याच्या दारात जायचं? जावयाचा अपमान न्हाय का त्यो?"

"आई, ह्यांनी असला खटला कधी चालवला न्हाय गं," अक्काताई म्हणाली.

"तू गप बस. काळा कोट सगळ्यांचा सारखाच असतोय."

नागेंद्र तिथेच बसले होते. मला हे जमणार नाही, हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले असतील. पण सासूने भरल्या घरात मान दिल्यावर जावयाने काय बोलावं? "बघू या," एवढंच ते म्हणाले. त्या दोन शब्दांची आठवण काढून अक्काताई पुढे माझ्यासमोर किती वेळा रडली आहे.

केदारींची साक्ष होती त्याच दिवशी नागेंद्रना एका जुन्या पक्षकाराच्या जमिनीच्या तारखेला खानापूरला जायचं होतं. त्यांनी आपल्या जागी एका नवख्या वकिलाला उभं केलं. साक्ष संपल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, काही प्रश्न आहेत का? तो म्हणाला, नाहीत.

प्रश्न तर वडगावातल्या कुणीही विचारला असता. आग लागली तेव्हा तिथली वीज गेलेली होती. त्या वस्तीत वीज गेलेली सांगावी लागत नाही. सगळ्या गल्लीचे माग एका दमात थांबतात, कानाला ती शांतता लागते, आणि घराघरातली माणसं पायरीवर येऊन बसतात. त्या दिवशीही बसली होती. त्या काळोखात केदारींना शेडमागचा चेहरा ओळखू कसा आला, एवढंच विचारायचं होतं. कुणी विचारलं नाही. सिद्धेशला सात वर्षांची शिक्षा झाली.

अपील धारवाडला, हायकोर्टाच्या पीठापुढे गेलं. या वेळी वकील प्रियदर्शनी म्हणून एक बाई. कन्नड आणि इंग्रजी कागद मी अक्काताईला वाचून दाखवत असे. एकदा तिच्याबरोबर मीही धारवाडला गेले. प्रियदर्शनी म्हणाल्या, "मुख्य साक्षीदाराला एकही प्रश्न विचारलेला नाही, हे दिसतंच आहे. पण सरकारी वकील म्हणतील, तो त्यांचा डावपेच होता. तसं नव्हतं, नुसतं दुर्लक्ष झालं, हे कुणीतरी शपथेवर सांगायला हवं."

नागेंद्रना विचारलं तर ते म्हणाले, "मला काम जमलं नाही, असं मीच लिहून देऊ? या वयात? मग कोर्टात कुठल्या तोंडाने जाऊ?"

अक्काताई भेटीच्या दिवशी हिंडलग्याला गेली. सिद्धेशने ऐकूनच घेतलं नाही.

"दाजींच्या विरुद्ध मी सही करणार न्हाय, आक्का. तुला त्याच घरात ऱ्हायाचंय. आणि तू बी काय लिहून द्यायचं न्हाय. काढतो की ऱ्हायलेली वर्सं. हितं बी माग हायत. लाईट गेली तर बाहेर पायरीवर तेवढं सोडत न्हाईत."

परत येऊन ती हे हसत सांगत होती आणि हातातला गोंडा सारखा चुकत होता.

शेवटी प्रतिज्ञापत्र तिनेच दिलं, भावाला न सांगता. नवऱ्याला मात्र आधी सांगितलं. साक्षीच्या दिवशी यजमान खानापूरला होते, त्यांचा डबा तिनेच भरून दिला होता, खटल्याचा कागद आदल्या दिवशीही त्यांनी उघडला नव्हता, असं तिने लिहून दिलं. त्या दिवसापासून नागेंद्र ताटात स्वतःच वाढून घेऊ लागले.

गेल्या आठवड्यात निकाल आला. शिक्षा रद्द झाली. केदारींची उलटतपासणी घेऊन खटला पुन्हा चालवायचा आणि तोवर सिद्धेशला जामीन. आरोपीचा बचाव त्याच्या वकिलाने नीट केला नाही, असं एक वाक्य निकालपत्रात आहे. कोर्टाच्या आवारात ते सगळ्यांनी वाचलं. नागेंद्रनी तेव्हापासून कोट चढवलेला नाही.

आज तुरुंगाच्या दारात सिद्धेशने पहिलं विचारलं, "दाजी कुठं हायत?"

"खानापूरला. तारीख हाय," अक्काताई म्हणाली.

त्याला आईकडे पोचवून ती घरी परतली, तर नागेंद्र दारातच उभे. "भाऊ आला ना? आता त्याच्याकडंच ऱ्हा," म्हणाले आणि आत गेले.

"मग वडगावला का गेली नाहीस?" मी विचारलं.

"जाऊन काय सांगू, मावशी? माझ्यापायी आक्काचं घर मोडलं म्हणंल, आणि उद्या परत जाऊन हिंडलग्याच्या दारात बसंल. लई येडा हाय त्यो."

पिशवीचे बंद ओढत ती म्हणाली, "ह्यांच्या मनात काय वाईट न्हवतं हो. आईनं मान दिला, ह्यांनी घेतला, मी गप बसले. तवाच दुसरा वकील केला असता तर दोघं बी माझेच ऱ्हायले असते."

मी कॉटवर चादर घातली. थोड्या वेळाने ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"डाळ करून ठिवली होती सकाळी. भात तेवढा त्यास्नी लावता येत न्हाय."

रात्री तिघांपुरता भात लावला. एक डबा मी शेवटच्या घरी नेऊन दिला.