दारावरचं तोरण

मंडळी, आज दुपारी आयर्लंडमधल्या ल्यूकनच्या आमच्या घरी लेकीसोबत एक जुना कृष्णधवल सिनेमा पाहिला. हुकूमशहाची मनसोक्त टर उडवणारा. त्याची भाषणं ऐकून नऊ वर्षांची इरा सोफ्यावर लोळून हसत होती.

मग त्याचे शिपाई एका वस्तीत शिरले आणि ठरावीक लोकांच्या दारांवर रंगाने खुणा करू लागले. इराचं हसू थांबलं.

"आई, इज दॅट व्हाय यू टुक अवर तोरण डाउन?"

मागच्या आठवड्यात इथे भारतीयांवर हल्ले झाले, तेव्हा आपल्या मराठी ग्रुपवर 'सध्या जरा जपून राहा' असे मेसेज आले. त्याच दिवशी मी सासूबाईंनी विणलेलं लोकरीचं तोरण दारावरून काढून कपाटात ठेवलं. इराला सांगितलं, धुवायला काढलंय. आजही तेच सांगितलं.

"ग्रँड," इथल्या मुलांसारखं 'ठीक आहे' अशा अर्थाने एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे न बघता पुन्हा सिनेमा बघू लागली.

सिनेमातल्या त्या माणसाला निदान शिपाई तरी पाठवावे लागले. माझ्या दाराशी कुणीच आलं नव्हतं. आल्या त्या फक्त शेजारच्या आयरिश आजी, काल, विचारायला, की तुमचं ते सुंदर तोरण कुठे गेलं?

त्यांनाही मी धुवायला काढलंय म्हणूनच सांगितलं.

खरं सांगा, तुम्ही काय काय काढून ठेवलंय?