बेशुद्ध माणसाला कोण बघणार?

माणसाचा जीव न घेता त्याला हरवणं ही संस्कृतीची खरी कसोटी आहे, असं माझं ठाम मत होतं. ते मी मांडलं तेव्हा माझ्या हातात सोटा होता आणि समोर एका पहारेकऱ्याची पाठ होती. "मी त्याला मारत नाही," मी उदारपणे जाहीर केलं, "नुसता बेशुद्ध करतो." मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "कुठं मारलं? कशानं? किती जोरात?"

सोटा, पहारेकरी आणि ज्या किल्ल्यात हे घडलं तो किल्ला, सगळं काल्पनिक होतं. पिंपळे सौदागरमधल्या प्रज्ञाच्या सोसायटीच्या क्लबहाउसात आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी एक खेळ खेळायचो. टेबलाभोवती बसून एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. आपण काय करणार ते तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. फासे बघून सोसायटीच्या अध्यक्षांनी पहिल्याच आठवड्यात जुगाराविरुद्ध सूचना लावली होती. मी संन्यासी होतो, प्रज्ञा चेटकीण, आणि आयटीतला अक्षय योद्धा. गोष्ट चालवायचे ते मास्तर.

मास्तर लातूरकडचे. चाकणच्या एका कारखान्यात ते फर्स्ट-एड रूम सांभाळायचे आणि गुरुवारी त्यांना सुट्टी असायची. आमच्या नियमपुस्तकात एक दयाळू सवलत होती. शेवटचा घाव घालताना खेळाडूने 'बेशुद्ध' म्हटलं की समोरचा बेशुद्ध, आणि थोड्या वेळाने तो जांभई देत उठतो. मास्तरांना हे एक पान सोडून सगळं पुस्तक मान्य होतं. आगीचे फूत्कार टाकणारा राक्षस त्यांनी बिनतक्रार चालवून घेतला होता. पण हे नाही. "डोकं आहे ते, स्विच नाही," ते म्हणायचे.

अक्षयने एकदा तलवार आडवी करून पात्याच्या चपट्या बाजूने मारायची युक्ती काढली. मास्तर म्हणाले, "अक्षयराव, दीड किलो लोखंड आहे. चपटं मारलं म्हणून त्याचा पापड होत नाही." प्रज्ञाने शहाणपणाने मंत्र टाकून एका शिपायाला झोपवलं, तर मास्तरांनी शांतपणे विचारलं, "ताई, उभा माणूस झोपला की पडतो. जिना किती पायऱ्यांचा होता?" जिना चाळीस पायऱ्यांचा होता. पुढच्या गुरुवारी प्रज्ञा चेहरा पाडून बसली होती.

आणि कोणीही आडवा झाला, की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "बरं, आता ह्याला कोण बघणार?"

माझ्या पहारेकऱ्याला बघायचं काम आम्हा तिघांकडे आलं. आम्ही तळघरात होतो. वरच्या चौकात शिपाई होते. बाहेर पडायला एकच वाट होती, सरपटत जाण्याएवढं गटार, आणि पलीकडे नाव बांधलेली. बेशुद्ध माणसाला त्यातून ओढून नेता येत नव्हतं. "मान धरायला जागा नाही," मास्तर म्हणाले. आम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता. उलटी आली तर गुदमरेल, हे मास्तरांनी सांगितल्यावर तो आम्हीच काढला.

"राव, ढकला ह्याला कोपऱ्यात आणि चला," अक्षय म्हणाला.

"चला की," मास्तर म्हणाले. "मी कुठं अडवायलोय? फक्त जाताना त्याला कुशीवर करून जा. अन् परत उताणा झाला तर..."

पुढचं त्यांना म्हणावं लागलं नाही. कोणताही नियम आम्हाला थांबवत नव्हता आणि आम्ही सात गुरुवार त्या तळघरात बसून होतो. दर गुरुवारी फासा टाकायचा, श्वास चालू आहे का बघायचं, कूस बदलायची. चेटकीण, योद्धा आणि संन्यासी पाळी लावून एका परक्या माणसाचे ओठ ओले करत होते. अक्षय म्हणायचा, याच्यापेक्षा ऑफिस बरं, तिथे निदान खिडकी आहे.

मी वाचणारा माणूस. एवढ्या आग्रहामागे एखादी शोकांतिका असणार, हे मी धरूनच चाललो होतो. एकदा चहा पिताना विचारलं, "मास्तर, कोणी गेलं होतं का तुमच्या हातून?"

"नाही हो भाऊ. एकाच्या डोक्याला पान्हा लागला होता. चार तास बसलो त्याच्यापाशी. सुपरवायझर तीनदा येऊन बोलून गेला, नुसतं बसून काय करायलाव म्हणून."

"मग?"

"मग काय, बरा झाला. आता ओळख देत नाही."

त्यांच्या खोलीचा एक नियम होता, ती रिकामी सोडायची नाही. बदली माणूस आला नाही की मास्तर दुसऱ्या शिफ्टलाही तिथेच. डबाही दारात उभं राहून, कोणी येतंय का ते बघत खायचे. माणसाला एका जागी अडकवून ठेवण्याची कला त्यांनी पुस्तकातून घेतली नव्हती.

मग त्यांचं कंत्राट संपलं. लातूरला एका दवाखान्यात काम मिळालं होतं. "पुढचा गुरुवार शेवटचा," ते म्हणाले. म्हणजे वर्षभर चाललेली गोष्ट त्या संध्याकाळी नावेपर्यंत न्यायची, नाहीतर कायमची तळघरातच ठेवायची.

शेवटच्या गुरुवारी अक्षय बसल्या बसल्या म्हणाला, "मी गटारात शिरलो."

"मी नाही येत," प्रज्ञा म्हणाली. मी पहारेकऱ्याची कूस बदलली. सोटा माझा होता.

अक्षयने थोडा वेळ फासा हातात खेळवला. "परत आलो," तो म्हणाला. "श्वास घ्यायलाय का बघा आधी."

मास्तरांनी फासा माझ्याकडे सरकवला. सतरा पडले. पहारेकऱ्याने डोळे उघडले. प्रज्ञाने त्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं. वार विचारला, तोही बरोबर सांगितला. पाणी प्यायला. मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि म्हणाले, "बरं वाटलं." वर्षभरात त्यांच्या तोंडून हे शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. प्रज्ञाने टेबलावर हात आपटला. मीही, सांगायला हरकत नाही, थोडा भारावलो होतो.

"मग आता पुढं?" अक्षयने विचारलं.

"पुढं काय, तो ओरडला," मास्तर म्हणाले. "पहारेकरी आहे. ड्यूटीवर आहे तो."

वरून शिपाई आले. शनिवारी मास्तर लातूरला गेले. आम्ही तिघं अजून कैदेत आहोत.