पहिल्या पायलीचा शब्द

हे मी बायकोलाही सांगितलेलं न्हाई. इतक्या वर्षांचा संसार, माझ्या पोटातलं सगळं तिला ठाऊक — हे एवढं सोडून. आज तुम्हाला सांगायलोय. कामून, ते विचारू नका.

मी मुडबीचा. शाळेत मराठी शिकवलं, आणि वरून शब्दांचा नाद. हुमनाबादला असो की उदगीरला, कार्यक्रम ठरला की बोलवा मास्तरांना! विषय ठरलेला — देवाधर्माचे शब्द आले कुठून. देव म्हणजे मुळात प्रकाशणारा. ईश्वर म्हणजे सत्ता चालवणारा. खुदा म्हणजे कुणी न घडवलेला, आपला आपण असलेला. धर्म म्हणजे धरून ठेवणारा. लोक माना डोलवायचे आणि मला बरं वाटायचं — खोटं कशाला बोलू? शाल मिळाली की घरी येऊन ती पांघरून आरशात बघायचो.

पण एक शब्द मी कधीच घेत न्हाई. कुणी विचारलाच तर घड्याळ बघतो. बरकत.

आमच्याकडं तुरीची रास मापताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नव्हते. 'बरकत' म्हणायचं, मग दोन, मग तीन. लहानपणी मी वडिलांना — अण्णांना — विचारलं होतं, असं का? ते म्हणाले, "एक म्हटलं की मोजणं आपलं झालं, बाळा. पहिलं माप त्याचं. ज्यानं दिलं, त्याचं." नाव कुठल्याच देवाचं घेतलं न्हाई त्यांनी. पुढं मी कोश चाळले, तेव्हा कळलं — वरून कृपेनं येतं आणि आलेलं टिकतं, ती बरकत.

ती पायली ओतायचा मान मेहबूबमामांचा. शेजारच्या शेताचे, अण्णांचे जिवाभावाचे दोस्त. चपला काढून, उगवतीकडं तोंड करून मामा पायली भरायचे आणि खळ्याला ऐकू जाईल असं म्हणायचे — बरकत! त्यांच्यामागून आम्ही सगळे. मला खांद्यावर बसवून त्या खळ्यावर आणणारा माणूस हा.

अण्णा गेले, त्यानंतरच्या पहिल्या राशीची गोष्ट. तूर मशीनवर झाली होती, पोती काट्यावर जाणार होती. पण पहिल्या चार-पाच पायल्या रीतीच्या. मामांनी पायली भरली. तेवढ्यात माझा पुतण्या संजू पुढं आला, मागं त्याचे दोस्त. म्हणाला, "थांबा जरा. काका, तुम्ही जाणकार, तुम्हीच सांगा. बरकत हा शब्द आपला हाय का त्यांचा?"

मामा तिथंच उभे. भरलेली पायली हातात.

काय सांगता आलं नसतं मला? संज्या, ही तूर तू ज्या खरिपात पेरलीस तो खरीपही अरबीच हाय. तुझ्या आज्याच्या तोंडातला शब्द आपला न्हाई, तर मग कुणाचा? सगळं जिभेवर होतं. पोरं माझ्याकडं बघायलती. उद्या हीच पोरं मला काय म्हणतील — आणि मी म्हणालो, "शब्द अरबी हाय. आपल्यात लाभ म्हणतात."

खोटं होतं का यात काही? एक अक्षर न्हाई. अशी माझी हुशारी!

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "लाभ." आणि पायली ओतली.

एवढं गावाला ठाऊक हाय. मला सांगायचंय ते याच्या पुढचं — बघा, अजून आडवाटेनंच चाललोय मी.

पोती काट्यावर गेली, मी घराकडं निघालो, तर हातात राहिलेली पायली परत द्यायला मामा बांधापर्यंत मागून आले. आम्ही दोघंच होतो. म्हणाले, "मास्तर, एक इचारू? अण्णा जनमभर बरकत म्हणले. त्ये काय चुकायलते का?"

शब्द कुठला, हे त्यांना नको होतं. अण्णांच्या पोराच्या तोंडून एक 'न्हाई' पाहिजे होतं, बस्स.

मी म्हणालो — मी म्हणालो, "अण्णा अडाणी होते, मामा. त्यांना काय कळत होतं?"

बापाचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं.

मामांनी पायली माझ्या हातात दिली. "बरं," म्हणाले. पुढल्या राशीला त्यांचा निरोप आला, गुडघे दुखायलेत. त्यानंतर मी बोलावलंच न्हाई.

भीती होती म्हणू? खळ्यावर होती. बांधावर कुणाची भीती? तिथं पोरं नव्हती. तिथं मला फक्त माझं बोलणं खरं ठरवायचं होतं, आणि त्यासाठी मी मेलेल्या बापाला खाली पाडलं, त्यांच्याच दोस्तासमोर. लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, आणि तरी मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

मामा अजून हायत. रस्त्यात भेटले की आधी त्यांचाच हात वर होतो — "मास्तर, बरं हाय का?" मी बरं म्हणतो.

औंदाही रास झाली. घरात वडीलधारा आता मीच, म्हणून संजूनं पायली माझ्या हातात दिली आणि काटा बघायला गेला. पोरं मोबाइलात डोकं घालून होती, माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. चपला काढल्या, उगवतीकडं तोंड केलं, पायली भरली. अण्णांचा शब्द ओठापर्यंत आला.

मी 'लाभ' म्हणालो.