अण्णांच्या खोलीतली रिकामी जाळी

भूत, भानामती, करणी... हे सगळं मी आयुष्यभर अर्थिंगच्या नावावर खपवलंय. कुणी म्हणालं बंद स्पीकरमधून माणूस बोलतोय, की मी म्हणायचो — अर्थिंग तपासा. कुणी म्हणालं टीव्ही आपोआप चालू होतोय, तरी अर्थिंगच. दहापैकी नऊ वेळा ते खरंही निघायचं, आणि दहाव्या वेळेला पोरानं रिमोटवर बूड टेकलेलं असायचं. तेव्हा कृपा करून मला अंधश्रद्धाळू समजू नका. आणि खरं सांगायचं तर हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीतच नाहीये. लाज वाटते म्हणून लिहितोय. दुकानात बसून कुणाला सांगायची सोय नाही, इथं निदान तोंड दिसत नाही.

माझं कळंबला दुकान आहे. टीव्ही, कॅमेरे, स्पीकर, आणि गेली काही वर्षं मल्टीरूमचं काम. म्हणजे घर बांधतानाच भिंतीतून पाइप टाकून वायरी ओढायच्या, खोल्याखोल्यांच्या छतात स्पीकर बसवायचे आणि सगळ्या वायरी एका मशीनला आणून जोडायच्या. मग मोबाईलवर बोट फिरवलं की देवघरात अभंग, हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर क्रिकेट, स्वयंपाकघरात जुनी गाणी... ज्याचं त्याचं वेगळं. आपल्या भागातही लोक हौसेनं करून घेतात आता.

हे काम मला शिकवलं ते ईट गावच्या अण्णांनी. माझे उस्ताद. त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, जत्रा असो, कीर्तन असो, पंचक्रोशीत भोंगा अण्णांचाच. दहावीत मी आपटलो तेव्हा वडिलांनी मला त्यांच्या हवाली केलं. वायर दातानं सोलायची नाही, जोड उघडा टाकायचा नाही, आणि भोंगा बांधून झाला की मंडपातल्या पार शेवटच्या माणसाजवळ जाऊन स्वतःच्या कानानं ऐकून यायचं — हे सगळं त्यांचं. "पुढं बसलेल्याला कसंबी ऐकू येतंय रं, मागच्याचं बघ," म्हणायचे. त्या भोंग्यांनीच त्यांचे कान खाल्ले. सत्तरीला पार ठार बहिरे झाले. कानाला मशीन लावून बघितलं, काडीचा उपयोग नाही. काही सांगायचं तर पाटीवर लिहून दाखवायचं.

त्यांच्या मुलानं, सुधीरनं, ईटला नवा बंगला काढला. खताचं दुकान जोरात आहे त्याचं. मला फोन केला, "दत्ताभाऊ, आवाजाचं काम तुमच्याशिवाय कुणाला देणार?" मला आनंद झाला. उस्तादांच्या घरचं काम! प्लास्टरच्या आधी दोन दिवस तिथंच ठाण मांडलं. गेरूनं भिंतीवर खुणा केल्या, कागदावर नकाशा काढला. हॉल, स्वयंपाकघर, देवघर, दोन बेडरूम आणि अण्णांची खोली. सहा जागा. मशीनलाही सहाच जागांची जोडणी. अण्णांचं नाव मी नकाशावर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, हे मुद्दाम सांगतो.

मग सुधीरला गच्ची सुचली. "वर चार माणसं बसतेत, तिथं गाणी पाहिजेत की." म्हणजे झाल्या सात जागा. दुसरं मशीन घ्यायचं, नाहीतर एक खोली काढायची. सुधीर म्हणाला, "अण्णांची काढा. त्यांना काय करायचाय स्पीकर?"

मी काढली. एक शब्द बोललो नाही. पण छतवाल्यानं माझा पहिला नकाशा बघून अण्णांच्या खोलीत गोल भोक आधीच पाडून ठेवलेलं. आता ते झाकायचं कसं? माझ्याकडं स्पीकरची एक जादा जाळी होती, पांढरी. मी शिडीवर चढलो आणि ती नुसतीच दाबून बसवली. मागं वायर नाही, स्पीकर नाही, काही नाही. खालून बघितलं तर हुबेहूब.

सुधीर खाली उभा होता. म्हणाला, "अन् अण्णांनी इचारलं तर?"

मी शिडीवरून म्हणालो, "त्यांना कुठं ऐकू येतंय? बसवल्याचं समाधान झालं म्हंजे झालं." आणि हसलो. दोघंही हसलो.

त्या वेळी अण्णा त्या घरात नव्हते. बांधकाम चालू होतं तोवर ते कळंबला लेकीकडं होते. वास्तुशांतीच्या दिवशी पहिल्यांदा उंबरा ओलांडला त्यांनी. पोरांनी तेरखेड्याहून आणलेली फटाक्याची माळ दारात लावली, बायकांनी कान झाकले, आणि अण्णा माळेपासून दोन हातांवर निवांत पान खात उभे. डोळ्याची पापणी हलली नाही.

मग मी त्यांना हाताला धरून त्यांच्या खोलीत नेलं. पलंगावर बसले आणि वर बघितलं. जाळी दिसली.

"दत्ता... माझ्या खोलीत बी बसवलास व्हय रं?"

मी मान हलवली. व्हय म्हणून.

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. मी जेवायला न थांबता गाडीला किक मारली आणि कळंब गाठलं.

आठवड्यानं सुधीरचा फोन. हसत होता. "दत्ताभाऊ, ऐका गंमत. अण्णा म्हणतेत, माझ्या खोलीतला स्पीकर लई भारी वाजतोय." मीही हसलो. म्हटलं म्हाताऱ्या माणसाला भास होत असेल. पुढच्या फोनला सुधीर हसत नव्हता. "तुम्ही या एकदा. अण्णांना ऐकू यायलंय. आमी काय बोलतोय ते सगळं. म्हणतेत वरून येतंय."

गेलो. तेरखेडा मागं टाकेपर्यंत मनात एकच — अर्थिंग, अर्थिंग.

अण्णा पलंगावर पडलेले. मी दारातूनच नेहमीच्या आवाजात, सवयीनं म्हणालो, "अण्णा, कसं काय?" आणि ते म्हणाले, "बरं हाय. ये, बस." मी जागच्या जागी उभा! त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंही नव्हतं, ते छताकडं बघत होते.

"देवघरातला एक स्पीकर उलटा जोडलायस तू," म्हणाले. "आवाज पोकळ येतोय. प्लस-मायनस बघून घे."

देवघर त्यांच्या खोलीपासून घराच्या दुसऱ्या टोकाला. मी जाऊन उजवा स्पीकर उतरवला. वायर उलटी होती. मी, पंचवीस वर्षं हे काम करणारा माणूस, उलटी वायर जोडून बसलो होतो, आणि घरात कानानं धड असलेल्या एकालाही ते कळलं नव्हतं.

तेवढ्यात लाइट गेली. दुपारी जाते तशी. मशीन बंद, टीव्ही बंद, घर एकदम गप्प. मला बरं वाटलं, म्हटलं आता कळेल काय ते. तर अण्णांनी खोलीतून हाक दिली, "सूनबाई, तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करा!" आत वहिनींच्या हातातून उलथनं पडलं. शिट्टी तिसरीच होती.

मी शिडी मागवली. जाळी काढली, भोकात खांद्यापर्यंत हात घातला. धूळ आणि छतवाल्यानं विसरलेला एक स्क्रू, एवढंच. पाइप नाही, वायरीचा तुकडा नाही. टॉर्च मारून सगळीकडं बघितलं.

खालून अण्णा म्हणाले, "बंद झालं." मी जाळी परत दाबली. "आलं."

तीनदा केलं मी तसं. तिन्ही वेळा तेच. मग उतरलो आणि पलंगाच्या कडेला बसलो. सुधीर बाहेर फोनवर होता. खोलीत आम्ही दोघंच. मागं वायर नाही हे मी त्यांच्यासमोरच बघितलं होतं, आणि उस्तादाला शिडीवरच्या माणसाच्या हाताकडं बघून सगळं कळतं. काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

तेच बोलले. अगदी साधं, हवापाण्याचं बोलावं तसं.

"वास्तुशांतीच्या दिशी तू गेल्यावर म्या आडवा झालो बघ. तवाच पैल्यांदा आवाज आला ह्यातून. तुझाच हुता. 'त्यांना कुठं ऐकू येतंय, बसवल्याचं समाधान झालं म्हंजे झालं.' मग तुमी दोघं हसलाव."

शब्दन् शब्द. मी शिडीवरून ते बोललो तेव्हा अण्णा कळंबला होते, लेकीच्या घरी. सुधीर स्वतःहून सांगणं शक्य नाही, आणि मी तर मेलो तरी सांगितलं नसतं.

मी म्हणालो, "मग अण्णा... मला काही बोलला का नाही तुम्ही? शिव्या का नाही घातल्या?"

"शिव्या कशाच्या?" ते म्हणाले. "किती वर्सांनी कुणाचा तरी आवाज कानात आला. वळखीचा हुता. मग काय का बोलंना."

त्या क्षणी मी त्यांचे पाय धरायला हवे होते. त्यांना ऐकू येत होतं! माझा आवाज पोचत होता! दोन शब्दांचं काम होतं — चुकलं माझं. पण आमच्या धंद्याची खोड वाईट. गिऱ्हाइकाची तक्रार आली की आम्ही तोंडानं माफी मागत नाही, माल बदलून देतो. मला वाटलं, आता रिकाम्या हातानं काय बोलायचं? आधी खरा स्पीकर बसवू, खरी वायर ओढू, आणि मग ताठ मानेनं माफी मागू. म्हणालो, "अण्णा, उद्या येतो." ते म्हणाले, "असू दे की हाय ते. चांगलं चाललंय." मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातला सगळ्यात भारी स्पीकर उचलला, वेगळं मशीन उचललं, आणि गेलो. भिंत फोडता येत नव्हती म्हणून वरून पट्टी मारून वायर नेली. जाळीमागं स्पीकर बसवला. आवाज लावला आणि खोलीभर असा खणखणीत वाजला की वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "किती छान येतोय हो!"

अण्णा वर बघत होते. बराच वेळ.

"चालू केलास का?" त्यांनी विचारलं.

मी आवाज वाढवला. अजून वाढवला. खिडकीची काच थरथरायला लागली. अण्णा बघतच राहिले. मी घाईघाईनं सगळं उचकटलं, स्पीकर काढला, नुसती जाळी दाबली, आधी होती तशी. काढून परत दाबली. फिरवून दाबली.

"येईना रं दत्ता," अण्णा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. तेच मला सहन झालं नाही.

मी शिडीवरून उतरलो आणि ओरडलो. अक्षरशः ओरडलो. "अण्णा, चुकलं माझं! मी तुम्हाला फसवलं! मला माफ करा!" सुधीर आला. दारात वहिनी, त्यांच्यामागं शेजारची एक बाई. सगळ्यांनी ऐकलं. गल्लीत ऐकू गेलं असेल.

अण्णांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग सुधीरकडं. "काय म्हणतोय गा ह्यो?"

वहिनींनी पाटी आणून सुधीरच्या हातात दिली. सुधीर माझ्याकडं बघेना. खाली मान घालून त्यानं लिहिलं आणि अण्णांपुढं धरलं. मलाही दिसलं. लिहिलं होतं — 'आवाज येतो का विचारतोय.'

अण्णांनी वाचलं. मान हलवली. "न्हाय म्हणावं. येत न्हाय."

पेन्सिल मला मागता आली असती. मी वायरी गुंडाळायला लागलो.

या गोष्टीला बरेच दिवस झाले. सुधीर त्यांना बार्शीला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. ते म्हणाले, दोन्ही कानांच्या नसा कधीच्या गेल्यात, मधे काही दिवस ऐकू येणं शक्यच नाही. मी मला येतात तेवढ्या सगळ्या तऱ्हांनी विचार केला. मीटर लावून बघितलं, आमच्या लाइनमधल्या जुन्या-जाणत्यांना आडून-आडून विचारलं. रिकाम्या भोकातून त्यांना काय ऐकू येत होतं, कसं येत होतं, आणि मी शहाणपणा केल्यावरच का बंद झालं... मला कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा. अर्थिंग मात्र सांगू नका.

अण्णा आहेत अजून. मागच्याच आठवड्यात ईटला जाऊन आलो. त्यांच्याजवळ बसलो अर्धा तास. पाटी उशाशीच होती. मी तिच्यावर लिहिलं, 'तब्येत कशी आहे?' ते म्हणाले, "बरी हाय." मग मी पुसलं, आणि लिहिलं, 'निघतो.'